मशीन लावा ना मॅडम, व्यायाम घरी करतो

पत्र असं आहे:

"ताई, मी डोंबिवलीला एका क्लिनिकमध्ये फिजिओ आहे. बीपीटीएच, म्हणजे फिजिओची डिग्री, होऊन २ वर्षं झाली. दिवसाला २०-२५ पेशंट, १० बाय १२ ची जागा, ३ बेड आणि मधे पडदे. आलेल्या प्रत्येकाला आधी शेक, मग आयएफटी (करंटचं मशीन), मग अल्ट्रासाऊंड (जेल लावून फिरवायचं मशीन, सोनोग्राफी नव्हे), आणि वेळ उरलाच तर शेवटी व्यायामाचा छापील कागद. मी व्यायाम करून घ्यायला गेले की म्हणतात, मशीन लावा ना मॅडम, व्यायाम घरी करतो. घरी कोणी करत नाही. परवा एक काका म्हणाले, एवढे पैसे घेऊन व्यायामच करायला लावता? क्लिनिकचे सर म्हणतात पेशंटला हवं ते दे, वाद घालू नको. एक ५८ वर्षांच्या काकू आहेत, गुडघ्याची झीज. ३ महिने रोज पाय सरळ उचलायचा व्यायाम १०-१० वेळा अगदी इमानदारीत करतात, काडीचा फरक नाही. नातवाच्या बारशाला सगळ्या बायका खाली बसल्या आणि या एकट्या खुर्चीवर, ते त्यांना फार लागलंय. साडेचार वर्षं शिकून मी फक्त बटणं दाबते असं वाटतं. नोकरी सोडू का? – मशीनवाली मॅडम"

अगं मशीनवाली,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा कसंतरीच झालं, कारण २५ वर्षांपूर्वी मी हेच रडगाणं गात होते, फक्त तेव्हा मशीनं कपाटाएवढी होती आणि त्यांना चाकं होती. पेशंटचं वाक्य मात्र तेच. तेव्हा तुझ्या पिढीचं काही बिघडलंय वगैरे मनात आणू नकोस.

काकूंपासून सुरुवात करू, बाकीचं सगळं त्यातूनच निघेल.

तू लिहितेस पेशंट व्यायाम करत नाहीत. पण काकू तर करतायत! ३ महिने, रोज, न चुकता. आणि तरी फरक नाही. म्हणजे गडबड पेशंटमध्ये नाहीये, आपण दिलेल्या चिठ्ठीत आहे. राग येईल तुला वाचून, पण थांब जरा.

पाय सरळ उचलायचा व्यायाम वाईट आहे असं मी म्हणत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघा सुजून टम्म झालाय, मांडीचा स्नायू आवळ म्हटलं तर आवळतच नाही, अशा वेळी त्याला जागं करायला तो मस्त आहे. पण जी बाई घरभर फिरते, भाजी आणते, जिना चढते, तिच्या मांडीला स्वतःच्याच पायाचं वजन १० वेळा उचलून काय होणार गं? पहिल्या आठवड्यात थोडं जड गेलं असेल, चौथ्या आठवड्यापासून काकू सीरियल बघत बघत करत असणार आणि अॅडमध्ये संपवत असणार. बीपीच्या पेशंटला डॉक्टरने एकदा गोळी दिली आणि पुढे ३ महिने बीपी मोजलंच नाही, डोस वाढवलाच नाही, तर आपण त्या डॉक्टरला काय म्हणू? तेच आपण करतो. "१० वेळा करा" हा आकडा आपण कुठून आणला हे आपल्यालाच माहीत नसतं, कागदावर छापलाय म्हणून सांगतो.

खरं तर त्या १० ला एक इतिहास आहे. थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकन आर्मीतला डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात गुडघे जखमी झालेले सैनिक शिकागोच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्याच्याकडे यायचे. तेव्हाची पद्धत म्हणजे हलका हलका व्यायाम, भरपूर वेळा. हा माणूस लहानपणी रुमॅटिक फिव्हरने अंथरुणाला खिळलेला, नंतर वजनं उचलून उभा राहिलेला, त्याला ते पटेना. त्याने पायात लोखंडी बूट घालून सैनिकांना जड वजन उचलायला लावलं आणि १९४५ मध्ये त्यावर पेपर लिहिला. पुढे त्याने ३ सेट ठरवले, पहिला अर्ध्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आणि पूर्ण म्हणजे काय, तर जे वजन तुम्ही १० वेळा उचलू शकता पण अकराव्यांदा नाही ते. कळलं का? १० हा आकडा वजनाला चिकटलेला होता. आपण वजन काढून टाकलं आणि नुसते १० ठेवले.

म्हणून काकूंचं आता असं कर.

आल्या की आधी बेडवर झोपवू नकोस. वेटिंगमधली हात नसलेली खुर्ची घे, साधारण १७ इंच उंच, भिंतीला टेकव. दोन्ही हात छातीशी घ्यायला सांग आणि मोबाईलवर ३० सेकंद लाव, पूर्ण उभं राहायचं पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोज. समजा ७ झाले. फाईलवर तारीख घालून ७ लिही, मोठ्या अक्षरात, त्यांना दिसेल असं. हात न लावता एकदाही उठता येत नसेल तर तेही लिही, आणि मग सीटवर एक उशी ठेव, नाहीतर दोन. उंची वाढली की जमतं. जिथे ८ वेळा नीट जमतं आणि आठव्याला चेहरा जरा वाकडा होतो, "बास हो मॅडम" येतं, ती त्यांची उंची. तोच त्यांचा डोस. त्या उंचीवर ८ चे ३ सेट, मधे एक-दोन मिनिटं दम खायचा, आठवड्यातून ३ दिवस. रोज नाही! ताकदीच्या व्यायामाला मधे सुट्टी लागते हे काकूंना सांगितलंस की त्या खुश होतील, कारण तीन महिने त्यांना कोणी सुट्टी दिलेली नाहीये.

आणि बसताना धपकन बसू देऊ नकोस. तीन मोजत खाली. निम्मी कमाई त्या खाली येण्यातच आहे, आणि त्यांना जे हवंय ना, खाली बसणं, ते म्हणजे शेवटी हेच आहे फक्त अजून खाली.

८ चे १२ झाले आणि चेहरा वाकडा होत नाही असं दिसलं की एक उशी काढ. मग नुसती खुर्ची. मग हातात एक-एक लिटरची पाण्याची बाटली, झाले दोन किलो. मग प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल, बाथरूममध्ये असतं ते. त्यानंतर पलंगाच्या कडेला हात टेकवून, एका गुडघ्याखाली उशी घेऊन खाली जायचं आणि वर यायचं. पूर्ण मांडी घालून तासभर बसता येईल असं वचन मात्र देऊ नकोस, झीज किती आहे त्यावर ते आहे. पण पुढच्या कार्याला सतरंजीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बायकांच्यात बसणं आणि कोणी बखोटीला न धरता उठणं, हे ठरवायला काय हरकत आहे? त्यांना फरक खुर्ची आणि सतरंजीचा पडलाय, मांडीचा नाही, माझा तरी असा अंदाज आहे. विचार त्यांना.

दुखेल का? दुखेल थोडं. हे आधीच सांगायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो. १० पैकी ४-५ पर्यंत दुखणं चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखाच असला पाहिजे. सकाळी जास्त आखडला, सुजला, तर डोस जास्त झाला, एक उशी परत टाका, बंद करू नका. आणि श्वास कोंडून धरायचा नाही, उठताना तोंडाने आकडे मोठ्याने मोजायला लाव, बोलत असला माणूस की श्वास आपोआप चालू राहतो. बीपीवाल्या पेशंटला तर हे हवंच.

एक गोष्ट काकूंच्या डोक्यातून काढावी लागेल, बहुतेक तुझ्या सरांच्या नाहीतर एखाद्या डॉक्टरच्या तोंडून गेलेली असणार. झीज हा शब्द. आपल्या लोकांना झीज म्हटलं की स्कूटरचा टायर आठवतो, जितका वापराल तितका झिजणार, म्हणून मग जिना बंद, चालणं बंद, बसून राहायचं. गुडघा टायर नाही. कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते, सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, आणि ते आत-बाहेर व्हायला दाब पडावा लागतो, सुटावा लागतो, भांड्याच्या स्पंजसारखं. हे स्पंजचं एकदा हातात स्पंज घेऊन दाखव, खरंच दाखव, सिंकवर असेलच क्लिनिकमध्ये. कागदाच्या दहापट काम करतो तो स्पंज.

कागदावरून आठवलं. माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते.

नवीन असताना मी एका मोठ्या ओपीडीत होते, नाव नको. तिथे गुडघ्याचा एक कागद होता, १२ व्यायाम, झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, चित्रातल्या माणसाचं तोंड काळं ठिक्कर झालेलं. लालबागच्या एका आजींना मी तो दिला, २ मिनिटांत १२ चे १२ समजावले आणि पुढचा पेशंट बोलावला. महिन्याने आजी आल्या. विचारलं, व्यायाम करताय ना? म्हणाल्या, "हो तर, जपून ठेवलाय ना." आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, रेशनकार्डाला लागून, घडीसुद्धा न मोडलेला तो कागद काढून दाखवला.

मला राग आला होता, खरं सांगते. पण मी तेव्हा तिथेच जवळ राहायचे, एकदा संध्याकाळी सहज त्यांच्याकडे गेले. चाळीतली दहा बाय दहाची खोली, सहा माणसं. एकच पलंग, त्यावर नाइट शिफ्ट करून आलेला मुलगा झोपलेला. खाली बसायचं तर आजींना उठता येत नाही. माझ्या १२ पैकी ९ व्यायाम झोपून करायचे होते! कुठे झोपणार होत्या त्या, कॉमन गॅलरीत? आणि हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की आजी घरात आडवं व्हायला जागा कुठेय, कधी मिळते.

मग त्या गॅलरीतच आम्ही ठरवलं. टॉयलेट गॅलरीच्या टोकाला, जिन्याजवळ. दिवसातून पाच-सहा फेऱ्या होतातच. येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठड्याला धरून एक पाय चढवायचा, दुसरा चढवायचा, सावकाश उतरायचं, १० वेळा या पायाने १० वेळा त्या. बस, एकच व्यायाम. शेजारणी हसल्या आधी आणि मग दोघी-तिघी स्वतःच करायला लागल्या. पुढे आजींनी हातात पाण्याची कळशी घ्यायला सुरुवात केली, मी सांगितलंही नव्हतं. त्यांना कुठे जायचं होतं माहितीये? गच्चीवर. दोन वर्षं कुरडया सुनेच्या हातच्या खाव्या लागत होत्या आणि ते त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त सलत होतं. उन्हाळ्यात गेल्या वर, मला डबाभर आणून दिल्या.

तेव्हापासून मी १२ व्यायाम कोणालाही दिलेले नाहीत. दोन. फार झाले तर तीन. आणि ते दिवसातल्या कुठल्या तरी आधीपासून असलेल्या गोष्टीला बांधून: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर, आंघोळीला जाताना हे, देवाला दिवा लावून झाला की ते. "वेळ मिळेल तेव्हा करा" म्हटलं की मुंबईत तो व्यायाम मेलाच, वेळ कोणाला मिळतो इथे. ५:४० ला उठून डबे करून ७:०२ ची फास्ट पकडणाऱ्या बाईला तू सकाळ-दुपार-संध्याकाळ २० मिनिटं लिहून देतेस, तिने ते करावं कधी, कल्याण ते कुर्ला चौथ्या सीटवर?

असाच एक वेटर होता माझ्याकडे, उडपी हॉटेलातला, दिवसाचे १२ तास पायावर, टाचेच्या मागची नस धरलेली, म्हणजे अकिलीस टेंडन. त्याला स्वीडनच्या अल्फ्रेडसन डॉक्टरचा १९९८ चा व्यायाम दिला, तुला माहितीच असेल, पायरीच्या कडेवर पंजा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ १५ चे ३, गुडघा वाकवून १५ चे ३, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाला १८० होतात. इतके तो कधी करणार असं मलाच वाटलं होतं. पण किचनच्या दाराला पायरी होती, सकाळी शटर उघडायच्या आधी आणि दुपारी तीन वाजता गर्दी ओसरली की तो तिथे उभा. वजन हवं म्हणून पाठीला सॅक, सॅकमध्ये बटाटे. दुखत असताना करायचा हा व्यायाम आहे हे त्याला मी आधीच बजावलं होतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात दुखलं तरी पळाला नाही. अल्फ्रेडसनला म्हणे स्वतःलाच हे दुखणं होतं आणि त्याचे बॉस ऑपरेशन करेनात, म्हणून त्याने चिडून टेंडन तुटावं अशा इराद्याने हा व्यायाम सुरू केला आणि बरा झाला. पेशंटना मी ही गोष्ट सांगते, खूप चालते.

आता मशीनचं.

मशीनशी भांडू नकोस, हरशील. माणूस डोंबिवलीहून सीएसएमटी अप-डाउन करून आठ वाजता तुझ्याकडे येतो, त्याला पाठीवर गरम शेक आणि १५ मिनिटं कोणी हाका मारत नाही असा बेड मिळाला तर तो का नाही म्हणेल, मी पण नाही म्हणणार नाही. शेकाने बरं वाटतं हे खोटं नाहीये. पण बरं वाटणं आणि पायात ताकद येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ते पेशंटला स्वच्छ सांगायचं. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये संधिवाताच्या झीजेला सगळ्या पेशंटसाठी व्यायाम लिहिलाय, आणि अल्ट्रासाऊंड, आयएफटी, टेन्स (तेही करंटचंच मशीन), लेझर देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून. सुरुवातीला व्यायामाने दुखणं थोडं वाढू शकतं हे पेशंटला आधी सांगा, असंही त्यातच आहे. आपण काकूंच्या मांडीत ताकद नाही म्हणून गुडघ्यावर जेल लावून मशीन फिरवतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सगळीच मशीनं भंगारात घालायची नाहीत हा, गुडघा बदलल्यावर मांडीचा स्नायू आवळत नसेल तर त्याला करंट देऊन जागं करण्याचा उपयोग होतो, पण तोही व्यायामाच्या जोडीला.

तू फक्त क्रम उलटा कर. आधी व्यायाम, मग शेक. आत्ता तुझ्याकडे शेक घेऊन सुस्तावलेला माणूस चप्पल शोधत असतो तेव्हा तू त्याला कागद देतेस, तो काय ऐकणार. आल्या आल्या १० मिनिटं खुर्ची, पायरी, मोजणं, आणि शेक शेवटी बक्षीस म्हणून. सरांनाही हरकत नसावी, मशीन लागतंच आहे.

आणि गंमत बघ, एके काळी हा शेक द्यायचे तो पुढच्या व्यायामासाठी. पोलिओच्या काळात ऑस्ट्रेलियातली नर्स एलिझाबेथ केनी, पोरांचे पाय फळ्यांना बांधून ठेवायच्या जमान्यात तिने गरम लोकरीच्या पट्ट्या गुंडाळून स्नायू मोकळे केले आणि मग हालचाल शिकवली. आपल्याकडेही परळला केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यामागेही पोलिओच होता. शेक म्हणजे तयारी होती. आपण तयारीचंच लग्न लावून टाकलं.

त्या काकांना काय उत्तर द्यायचं? भाषण नको. "काका, व्यायाम फुकट आहे, यूट्यूबवर हजार आहेत. तुमच्या गुडघ्याला कुठला, किती आणि कधी वाढवायचा याचे पैसे आहेत" एवढं हसत म्हण आणि लगेच ३० सेकंद लाव. पुरुष माणसाला आकडा दिला की तो स्पर्धेत उतरतो, मागच्या आठवड्यात ९, आज ११, आता घरी जाऊन मुलाला सांगणार.

सरांचा मुद्दा मात्र पैशाचा आहे आणि तो खोटा नाही, भाडं त्यांना भरायचंय. तिथे तू हिशोबाने बोल. १० सिटिंगचं पॅकेज असेल ना तुमच्याकडे, रोज या, दोन आठवड्यांत संपलं? व्यायामाचं गणित त्यात बसतच नाही. पहिले तीन-चार आठवडे जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून, खुद्द स्नायू भरायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. दोन आठवड्यांत पी हळद हो गोरी. तेच १० सिटिंग ८ आठवड्यांवर पसरव: पहिल्या दोन आठवड्यांत दोन-दोन, मग आठवड्याला एक. पेशंटचे पैसे तेवढेच, सरांचे तेवढेच, बेड मात्र रोज रिकामा मिळेल.

दुसरं, दुपारी तीन ते चार तुमचं क्लिनिक ओस पडत असणार. मंगळवार-शुक्रवार गुडघ्याची बॅच घे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून असा कार्यक्रम चालतो, ग्लॅड म्हणतात, गुडघा-खुब्याच्या झीजेवाले लोक गटाने आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे व्यायाम करतात आणि आधी त्यांना दुखण्याबद्दल नीट समजावलेलं असतं. तुझ्या जागेत पडदे सरकवून चार बायका मावतील. चार खुर्च्या, दोन पाट पायरी म्हणून (हलत नाहीत ना बघ), पाण्याच्या बाटल्या. प्रत्येकीची उंची वेगळी, उशा वेगळ्या, पण मोजणं एकत्र. फी एकटीपेक्षा कमी ठेवली तरी तासाला चौघींची येते. आणि डोंबिवलीच्या बायका एकदा जमल्या की बॅच मोडत नाही, भिशी सुरू होते त्यात.

पटकन दोन-तीन गोष्टी, सगळ्यांना एकच काठी नको म्हणून. खांदा जखडलेला पेशंट, त्यातून शुगरवाला, सुरुवातीच्या रात्र-रात्र झोपू न देणाऱ्या टप्प्यात असेल तर ओढाताण करू नकोस, दुखेल एवढं ताणलं तर वाढतं, तिथे हलकी हालचाल, हात लोंबता सोडून झुलवणं, आणि धीर. जुन्या कंबरदुखीला अमुकच व्यायाम चमत्कारी असं काही नाही, जो तो माणूस करत राहील तो चांगला, मग चालणं का असेना. आणि व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पाठवायचे पेशंट: लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय, बसायच्या जागी बधीर झालंय, काही न करता वजन उतरतंय, ताप आणि रात्रीचं कुठल्याच बाजूवर न थांबणारं दुखणं, एकच पोटरी सुजून गरम झालीय. ह्यांना मशीन पण नको आणि खुर्ची पण नको.

नोकरीचं. आत्ता सोडू नकोस. दोन महिने काढ, १० पेशंट निवड, सगळे नाही. दहा जणांचा पहिल्या दिवसाचा आकडा आणि आठव्या आठवड्याचा आकडा एका वहीत ठेव आणि ती वही सरांसमोर ठेव. त्यांनीही कधीतरी हेच शिकून डिग्री घेतलीय, भाड्याखाली दबलंय एवढंच. त्यानंतरही ते व्यायाम करू नकोस असंच म्हणाले, किंवा न लावलेल्या मशीनची बिलं करायला सांगितली, तर मात्र दुसऱ्या दिवशी निघ, वही बरोबर घेऊन. पुढच्या इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा तीच कामाला येईल.

काकूंचा पहिला आकडा मला कळव. आणि खुर्ची भिंतीला टेकव म्हटलंय ते विसरू नकोस, घरीसुद्धा, टाइल्सवर मागे सरकते. एकदा आपटल्या की परत पलंगावर पाय उचलत बसतील आणि मग तू कितीही स्पंज दाखव.